बाबांची कवळी पंचेचाळिशीत, माझी कधी? हिरड्यांचा आजार आणि घराण्याचा वारसा

सांजपर्णी (धागाकर्ती)

वय ३६. एकही दात किडलेला नाही, दाढ भरण्याची वेळ कधी आली नाही. दोन वेळा ब्रश. तंबाखू-सिगारेट नाही, शुगर नॉर्मल. तरी स्केलिंगला, म्हणजे दातांवरचं कीटण खरवडून काढायला, गेले तेव्हा डॉक्टरांनी आकडे कोरलेली बारीक सळई हिरडीत घालून मापं घ्यायला सुरुवात केली. पुढच्या दातांना दोन-तीन मिलिमीटर, मागच्या दाढांना सहा, सात. एक्स-रे काढला तर दाढांभोवतीचं हाड बरंच खाली गेलेलं. रिपोर्टवर लिहिलंय 'पेरिओडॉन्टायटिस (हिरड्यांचा आणि दाताभोवतीच्या हाडाचा आजार), स्टेज ३, ग्रेड सी'. आणि मग विचारलं, "घरात कुणाचे दात लवकर गेलेत का?"

गेलेत. बाबांना पंचेचाळिशीत वरची कवळी लागली, पन्नाशीच्या आत खालची. त्यांच्या आईचं तोंड म्हणे त्याहून लवकर मोकळं झालं होतं. पण सख्खे धाकटे काका सत्तरीत शेंगदाणे फोडून खातात. म्हणजे एकाच घरात दोन्ही तऱ्हा.

डॉक्टरांनी 'जेनेटिक असू शकतं' एवढं म्हटलं आणि पुढच्या पेशंटकडे वळले. माझं डोकं तिथेच अडकलंय. हे रक्तातच असेल तर ब्रश, फ्लॉस, साफसफाई यांचा उपयोग किती? जनुकांची तपासणी करून काही कळतं का? भाऊ ३१ चा आहे, त्याने ऐकल्याबरोबर "आपल्या नशिबात कवळीच" म्हणून विषय संपवला. ताईचा मुलगा १४ चा आहे, त्याचीही काळजी वाटते. जाणकारांनी लिहावं.

वाड्यावरचा_बाळू

आमच्या आजीने आयुष्यात ब्रश पाहिला नाही. राखुंडी, नाहीतर बोटाने मीठ. नव्वदीपर्यंत ऊस सोलून खायची, तोही दातांनी. माझ्या बायकोकडे तीन प्रकारचे ब्रश आहेत आणि दर वर्षी हिरड्यांचं काहीतरी निघतंच. त्यामुळे हे सगळं टूथपेस्ट कंपन्यांचं कारस्थान आहे असं माझं ठाम मत. (राग नसावा.)

गुळपोळी

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही आईच्या माहेरी हेच. वाचतेय.

दंतकथा

मी पेरिओडॉन्टिस्ट आहे, म्हणजे हिरड्या आणि दाताभोवतीचं हाड हाच माझा रोजचा धंदा. थोडं सविस्तर लिहिते.

सांजपर्णी, दात किडणं आणि हिरड्यांचा आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किडीत दात झिजतो. तुमच्या आजारात दात धडधाकट असतो आणि तो ज्यात रोवलाय ते हाड विरघळतं. म्हणून एकही कीड नसलेले सुंदर दात हातात पडलेली माणसं आम्ही नेहमी पाहतो आणि त्यांना ते शेवटपर्यंत खरं वाटत नाही. दुखतही नाही, ही यातली खरी अडचण.

बाळूसाहेब, तुमच्या आजी खोट्या नाहीत. त्यांच्यासारख्यांची नोंद शास्त्राकडे आहे आणि ती नोंद आपल्या शेजारीच झालीय. १९७० मध्ये हाराल्ड ल्यो या नॉर्वेजियन संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या ४८० तमिळ पुरुष मजुरांचे दात तपासले. वय १४ ते ३१. ब्रश कुणाकडे नाही, दंतवैद्य कुणी पाहिलेला नाही. पुढची १५ वर्षं त्यांना पुन्हा पुन्हा तपासलं. सगळ्यांच्या दातांवर कीटणाचे थर, जवळजवळ प्रत्येकाची प्रत्येक हिरडी सुजलेली, पण कीड जवळपास नाहीच. म्हणजे जे दात गेले ते हिरड्यांच्या आजाराने गेले, असं म्हणायला जागा होती.

आता निकाल. कीटण सगळ्यांच्या तोंडात सारखंच. तरी साधारण ८ टक्के मजुरांचा आजार धडाधड पुढे गेला. त्यांचे दात विशीपासून पडायला लागले, ३५ व्या वर्षी सरासरी १२ दात गेलेले, ४० व्या वर्षी २०, आणि पंचेचाळिशीला तोंड रिकामं. ८१ टक्क्यांचं नुकसान मध्यम गतीने झालं. आणि ११ टक्के असे निघाले की हिरड्या सुजलेल्या, पण हाडाला धक्का नाही. ऊस सोलणाऱ्या आजी या ११ टक्क्यांतल्या. सांजपर्णीचे बाबा त्या ८ टक्क्यांतले, काका बहुधा मधल्या मोठ्या गटातले.

याच ल्योने १९६५ मध्ये डेन्मार्कच्या ऑऱ्हूस शहरात एक साधा प्रयोग केला होता. दातांचं शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि काही कर्मचाऱ्यांना ब्रश बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत झाडून सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि ब्रश सुरू केल्यावर आठवड्याभरात बऱ्या झाल्या. सूज कुणालाही येते. ती सूज हाडापर्यंत उतरते का आणि किती वेगाने, हे मात्र माणसागणिक बदलतं. आनुवंशिकतेचा प्रश्न तिथून सुरू होतो.

वाड्यावरचा_बाळू

आजी ११ टक्क्यांतली हे वाचून छाती फुगली. पण मी कुठल्यातला हे कसं कळायचं?

दंतकथा

तोंड उघडून. सळई लावून मापं घ्या, एक्स-रे काढा. पन्नाशीला आला असाल आणि हाड जागेवर असेल तर आजीचे आभार माना.

रोखठोक_हिशोब

डॉक्टरांच्या प्रतिसादात एक मोठी उडी आहे. कीटण सारखं आणि परिणाम वेगळे, म्हणून थेट जनुकं? मध्ये शंभर गोष्टी येतात. आहार, जंतूंचे प्रकार, पान-तंबाखू. आणि घराण्याचं म्हणाल तर बापाने पोराला जनुकं दिली तशी सवयीही दिल्या. बाप ब्रश करत नसेल तर पोरगं कुठून करणार? एकाच ताटात जेवलेल्यांच्या तोंडात जंतूही तेच असणार. याला आनुवंशिक म्हणायचं कशाच्या जोरावर?

पेट्रीडिश

रोखठोक, मुद्दा एकदम बरोबर. मी जर्मनीत असतो, जनुकशास्त्रात काम करतो. दात हा माझा विषय नाही, पण हा पेच सगळ्याच आजारांत येतो आणि तो सोडवायला जुळ्या भावंडांचा आधार घेतात.

एकसारख्या जुळ्यांची जनुकं तीच असतात, साध्या जुळ्यांची इतर भावंडांइतकीच जुळतात. घर, ताट, ब्रशची सवय दोन्हींकडे सामायिक. मग एकसारख्या जुळ्यांचे दात एकमेकांशी जास्त मिळतेजुळते निघाले तर तो जास्तीचा भाग जनुकांच्या खात्यात टाकता येतो. अमेरिकेत मिशालोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ११७ जोड्या तपासल्या. दाताभोवतीचं हाड आणि दाताची त्यातली पकड गमावण्यातल्या फरकापैकी सुमारे निम्मा फरक आनुवंशिकतेचा निघाला, सिगारेट आणि डॉक्टरकडे जाण्याच्या सवयी हिशोबात धरूनसुद्धा. हिरड्यांच्या नुसत्या सुजेसाठी मात्र सवयी वजा केल्यावर आनुवंशिकतेचा मागमूस उरला नाही. दंतकथा यांनी सूज आणि हाड यांत जी रेघ मारली, ती इथे आकड्यांत दिसते.

नंतरचे अभ्यास जरा हात आखडून बोलतात. २०१९ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा जुळ्यांवरून निघणारा वाटा ३८ टक्क्यांच्या आसपास आला. इतर कौटुंबिक अभ्यासांवरून तर १५ टक्केच. म्हणजे रोखठोक, तुम्ही अगदी हरला नाहीत.

जंतूंचंही तुमचं खरं आहे. आईवडील आणि मुलांच्या तोंडात एकाच वाणाचे जंतू सापडतात. काही वाण तर फार वाईट. ॲग्रिगॅटिबॅक्टर नावाच्या जंतूचा जेपी२ हा वाण मोरोक्कोत आणि पश्चिम आफ्रिकेत चांगलाच पसरलेला आहे. रबात शहरातल्या शाळकरी मुलांवरचा अभ्यास २००८ मध्ये आला. ज्यांच्या तोंडात फक्त हा वाण होता त्यांना दोन वर्षांत आजार जडण्याचा धोका सुमारे १८ पट होता. त्यामुळे घरात आजार आहे म्हणजे जनुकंच, असं कुणी छातीठोकपणे सांगू नये.

सांजपर्णी

धन्यवाद सगळ्यांना. पेट्रीडिश, 'निम्मा वाटा' म्हणजे माझ्या आजारातला अर्धा बाबांकडून आला आणि अर्धा माझ्या हलगर्जीपणाने, असं समजायचं का? भावाला नेमकं काय सांगू?

पेट्रीडिश

नाही, आणि हा घोटाळा वर्तमानपत्रंही सर्रास करतात. तो आकडा एका माणसाबद्दल काही बोलत नाही. लोकांच्या एका घोळक्यात जो फरक दिसतो, त्या फरकाची ती वाटणी आहे. घोळका बदलला की आकडा बदलतो. उद्या सगळ्यांनी तंबाखू सोडली आणि सगळे सारखाच ब्रश करू लागले, तर उरलेल्या फरकात जनुकांचा वाटा वाढेल, पण आजारी माणसं मात्र कमी होतील! टक्केवारी वाढली म्हणजे आजार जास्त अटळ झाला असा अर्थ निघत नाही.

भावाला सांगा की वारशात कवळी येत नाही, वेग येतो. तोही येतोच असं नाही.

कराडची_मावशी

आमच्या पिढीत आनुवंशिकता बिनुवंशिकता कुणी पाहिली नाही, पण सासूबाईंच्या घरात चारही जावांचे दात चाळिशीत हलायला लागले. सगळ्या सकाळी चुलीपाशी बसून मिश्री लावायच्या. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची आणि डबीत भरायची. सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि डोकं दुखलं की अजून एकदा. जावा काही एका रक्ताच्या नव्हत्या, चार गावच्या चार. मी लावली नाही, माझे दात आहेत. पुढे डॉक्टरांनी पाहून सांगावं.

दंतकथा

मावशी, तुमचा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवावा असा आहे. चार घरची रक्तं आणि एक डबी.

मिश्री दात घासायला म्हणून सुरू होते आणि व्यसन म्हणून राहते. जिथे ती रोज चोळली जाते तिथली हिरडी मागे सरकते, मुळं उघडी पडतात. सिगारेट-बिडीचं आणखी एक फसवं काम आहे. तिने हिरड्यांतून रक्त येणं कमी होतं. पेशंट म्हणतो रक्त येत नाही म्हणजे सगळं ठीक, आणि आत हाड चाललेलं असतं. आमच्याकडे येणाऱ्या बायका तंबाखू खाता का विचारलं तर नाही म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी तंबाखूत मोडतच नाही. मिश्री लावता का असं थेट विचारलं की हो म्हणतात.

फोंड्याचा_बाब

आमच्या आईची शुगर कधी ताब्यात नसते आणि दात एकेक करून गेले. तिच्या आईचंही तसंच. यात दाताचा वारसा कुठला आणि मधुमेहाचा कुठला?

दंतकथा

दोन्ही गुंतलेले आहेत, आणि बहुतेक घरांत मधुमेहच आधी येतो. ताब्यात नसलेल्या मधुमेहात हा आजार होण्याचा धोका सुमारे तिप्पट धरतात. उलटही खरं आहे. हिरड्यांवर नीट उपचार केले तर पुढच्या तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचं माप) सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरतं. हे गोळीच्या जागी नाही, पण गोळीच्या जोडीला फुकट मिळालेलं आहे. आईंचे उरलेले दात तपासून घ्या, आणि तुमची शुगरही.

चंद्रमौळी

बाभळीची काडी, त्रिफळाच्या काढ्याच्या गुळण्या, तिळाचं तेल तोंडात धरणं. आपल्याकडे हे सगळं होतं तेव्हा पायरिया होता का? विचार करा.

रोखठोक_हिशोब

होता. मावशींच्या जावा आपल्याच होत्या.

दंतकथा

गुळण्यांना माझी ना नाही. पण हिरडी आणि दाताच्या मधल्या सहा-सात मिलिमीटर खोल खाचेत, म्हणजे पॉकेटात, काढा पोचत नाही, तेल पोचत नाही, महागातला माउथवॉशही पोचत नाही. ब्रशसुद्धा हिरडीखाली जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर जातो. तिथे अवजारच न्यावं लागतं.

हडपसरकर

स्केलिंग केल्याने दात सैल होतात हे खरं ना? आमच्या मेव्हण्याचे केल्यानंतरच हलायला लागले. दोन दातांत फटी पण पडल्या.

दंतकथा

दिवसातून दोनदा तरी ऐकते. मेव्हण्यांचे दात आधीच हलत होते, कीटणाच्या दगडाने ते एकमेकांना चिकटून उभे होते. आणि फटी होत्याच, सुजलेल्या हिरडीने झाकलेल्या. सूज उतरली, हिरडी जागेवर बसली, फट दिसली. नुसत्या भीतीने स्केलिंग टाळणारे लोक मग थेट दात काढायलाच येतात.

न्यूजर्सीची_निमा

इथे अमेरिकेत माझ्या डेंटिस्टने हिरड्यांसाठी जनुक तपासणी सुचवली होती. इंटरल्युकिन-१ असं काहीतरी. मी केली नाही. कुणाला अनुभव आहे का? सांजपर्णीनेही विचारलंय.

पेट्रीडिश

याची गोष्ट मोठी रंजक आहे, पाल्हाळ सहन करा.

इंटरल्युकिन-१ हा शरीरात जळजळ पेटवणारा निरोप्या. त्याच्या जनुकांतल्या दोन बारीक फरकांची एक जोडी १९९७ मध्ये कॉर्नमन आणि सहकाऱ्यांनी पुढे आणली. सिगारेट न ओढणाऱ्या मध्यमवयीन लोकांत, ही जोडी असेल तर गंभीर आजाराची शक्यता साधारण सातपट दिसली. त्यावर लगोलग बाजारात तपासणी आली. मजेची गोष्ट अशी की सिगारेट ओढणाऱ्यांत या जोडीचा काही संबंधच दिसला नाही. धुराने जनुकाला बोलूच दिलं नाही.

मग बाकीच्या देशांत शोध सुरू झाला. युरोपीय वंशाच्या लोकांत ही जोडी साधारण ३० टक्क्यांकडे असते. चिनी लोकांत मात्र २००० सालच्या अभ्यासात ती २.३ टक्क्यांकडेच सापडली. चिनी लोकांना हिरड्यांचा आजार होत नाही का? भरपूर होतो. तेव्हाच कळायला हवं होतं की एका वंशाच्या लोकांवर बेतलेली तपासणी दुसऱ्यांना लावता येणार नाही.

२०१३ मध्ये मिशिगनमधल्या विम्याच्या नोंदींवरून ५,११७ लोकांचा १६ वर्षांचा आढावा आला. त्यात म्हटलं की सिगारेट, मधुमेह आणि हे जनुक, तिन्ही नसतील तर वर्षातून एकदाच साफसफाई पुरे, नाहीतर दोनदा. विमा कंपन्यांना ही कल्पना किती गोड वाटली असेल! २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्याच अभ्यासाची पुन्हा छाननी केली आणि तो निष्कर्ष टिकत नाही असं दाखवलं.

एकेक जनुक हेरण्याऐवजी सगळा जनुकसंच चाळायचे अभ्यासही झाले. जीएलटी६डी१ हे जनुक २०१० मध्ये तरुणपणीच्या जोरदार आजाराशी जोडलं गेलं, पुढे सिग्लेक५ सापडलं. नवव्या गुणसूत्रावरचा एक पट्टा आधी हृदयविकारासाठी ओळखला जायचा, तोच हिरड्यांच्या आजारातही दिसतो. पण या सगळ्यांची बेरीज केली तरी जुळ्यांवरून दिसणाऱ्या वाट्याच्या आसपासही पोचत नाही. बारीकसारीक शेकडो फरक, प्रत्येकाचा धक्का इवलासा.

म्हणून निमा, तपासणी केली नाहीत ते उत्तम. त्या सळईने आणि एक्स-रेने जे कळतं त्याहून जास्त सांगणारी जनुक तपासणी या आजारासाठी आज तरी नाही. अपवाद काही दुर्मिळ आजारांचा, पण ते दंतकथा सांगतील.

दंतकथा

सांगते. एमडीएस (दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) करताना सरकारी दंत महाविद्यालयात एक मुलगी आली होती, सहा-सात वर्षांची. दुधाचे सगळे दात पडून गेलेले, नवे आलेले दोन दात हलताहेत. आईला वाटत होतं कॅल्शियम कमी आहे. आमच्या मॅडमनी तोंडात पाहिलंच नाही, आधी मुलीचे तळहात उलटे केले. कातडी जाड, भेगाळलेली. तळपायही तसेच. आई म्हणाली, ती उष्णता आहे, जन्मल्यापासून. मग मॅडमनी विचारलं, "तुम्ही नवरा-बायको नात्यातले का?" नवरा म्हणजे मामाचा मुलगा.

पापियों-लफेव्र सिंड्रोम. १९२४ मध्ये दोन फ्रेंच डॉक्टरांनी वर्णन केलं, दोषी जनुक १९९९ मध्ये सापडलं, नाव सीटीएससी. दहा लाखांत एक ते चार जणांना होतो. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच होतो, म्हणून आते-मामे भावंडांत लग्नं होतात तिथे तो जास्त दिसतो. या जनुकापासून बनणारं प्रथिन पांढऱ्या पेशींची हत्यारं चालू करतं. ते नसलं की पेशी हजर, पण हत्यार म्यानात. दुधाचे दात चार-पाच वर्षांपर्यंत जातात, कायमचे किशोरवयात.

याच जनुकाच्या दुसऱ्या एका बिघाडाला आपल्या देशाचा पत्ता आहे. कोचीच्या ज्यू कुटुंबांत दात आणि तळहातांबरोबर बोटंही लांबट आणि टोकदार होत जातात असं हाईम आणि मुंक या दोघांनी १९६५ मध्ये नोंदवलं. छोटा समाज, पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत लग्नं, एक जुनी बिघडलेली प्रत.

सांजपर्णी, यातलं काही तुमच्या घरात नाही, घाबरू नका. सांगायचं कारण वेगळं. या आजारांनी आम्हाला शिकवलं की खेळ जंतूंपेक्षा शरीराच्या उत्तराचा आहे. आणखी एक आजार आहे, त्यात पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीतून बाहेरच पडता येत नाही. वर्षानुवर्षं वाटायचं की हिरडीत शिपाईच नाहीत म्हणून जंतू हाड खातात. पण दिसलं असं की पेशी न पोचल्याने शरीर आणखी मोठ्याने हाका मारत राहतं आणि त्या आरडाओरड्यातच हाड विरघळतं. २०१७ मध्ये अमेरिकेत अशा एका रुग्णाला सोरायसिसवरचं औषध दिलं, जे या हाका बंद करतं. हिरड्या सुधारल्या.

तुमच्यासारख्या साध्या केसमध्येही तत्त्व हेच, फक्त सौम्य. जंतू जेवढे हाड खातात त्याहून जास्त तुमच्याच पेशींनी सोडलेली रसायनं खातात. मोर्चा पांगवायला आलेल्यांनी बाजारपेठच फोडावी, तसं. आणि मोर्चा म्हणजे कीटण. ते तिथून हटवणं आपल्या हातात आहे, पेशींचा स्वभाव बदलणं नाही.

सांजपर्णी

हे वाचून बरंच मोकळं वाटलं. पण मग ल्योच्या मजुरांना ब्रश मिळाला असता तर त्या ८ टक्क्यांचं काय झालं असतं? मला तेच हवंय खरं तर.

दंतकथा

तसाच तुलनेचा गट ल्योकडे होता. ऑस्लोतले विद्यार्थी आणि प्राध्यापक, ५६५ जण, लहानपणापासून दातांची काळजी घेतलेले. दातांच्या मधल्या बाजूंना त्यांची पकड दर वर्षी सरासरी एक दशांश मिलिमीटर सुटत होती. चहामळ्यावर तीन दशांश. ऑस्लोतही घातक वारसा घेऊन जन्मलेले असणारच, जनुकं काय मळ्यावरच उगवत नाहीत. पण पंचेचाळिशीला रिकामं तोंड हा प्रकार तिथे दिसला नाही. वंश वेगळा, आहार वेगळा हे रोखठोक म्हणतीलच, आणि ते मान्य. तरी कवळीवाल्या नशिबाला माझ्याकडे हेच उत्तर आहे.

रोखठोक_हिशोब

म्हणणारच होतो. पण राहू दे, यावेळी पटलं.

मुक्कामपोस्ट_सातारा

माझाही प्रश्न. हिरड्यांचाच त्रास, वय ४८. एका ठिकाणी सांगितलं सगळे काढून टाका आणि इम्प्लांट बसवा, म्हणजे कटकट मिटेल. खर्च ऐकून बसकण मारली. करावं का?

दंतकथा

कटकट मिटत नाही. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीच्या हाडाला हाच आजार होतो, आणि ज्यांचे दात हिरड्यांमुळे गेले त्यांना तो जास्त होतो. तोंड तेच, पेशी त्याच, फक्त दाताच्या जागी टायटॅनियम. जे दात वाचण्यासारखे नाहीत ते काढावेत, बाकीच्यांवर आधी उपचार करावेत. दुसरं मत घ्या, शक्य असेल तर सरकारी दंत महाविद्यालयाच्या पेरिओ विभागात. वेळ जातो, रांग असते, पण मापं नीट घेतात आणि पैसे नाममात्र.

सांजपर्णी

ग्रेड सी म्हणजे नक्की काय हे राहिलंच. आणि भाऊ-भाच्याचं काय करू?

दंतकथा

पूर्वी तरुणपणी जोरात येणाऱ्या आजाराला 'ॲग्रेसिव्ह' म्हणून वेगळा कप्पा होता. २०१८ च्या वर्गीकरणात तो काढला. आता स्टेज सांगते नुकसान किती झालं, ग्रेड सांगते वेग किती. जुने एक्स-रे नसतील तर वेगाचा हिशोब सोपा आहे. सगळ्यात वाईट दाताजवळ मुळाच्या लांबीच्या किती टक्के हाड गेलंय, त्याला वयाने भागा. उत्तर पावच्या (०.२५) आत आलं तर ए, एकपर्यंत बी, एकच्या वर सी. तुमचं समजा ४० टक्के हाड गेलंय आणि वय ३६, तर १.१, म्हणून सी. रोज दहा किंवा जास्त सिगारेटी, नाहीतर एचबीए१सी सात किंवा वर असेल, तरी थेट सी लावतात. तुमच्याकडे दोन्ही नाहीत आणि तरी सी आलाय, म्हणून डॉक्टरांनी घरचं विचारलं.

उपचार: हिरडीखालची मुळं साफ करणं, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा मापं, खोल राहिलेल्या जागी गरज पडली तर फ्लॅप सर्जरी, म्हणजे हिरडी उचलून आतून साफ करणं. मग आयुष्यभर दर तीन महिन्यांनी देखभाल. तीन महिने अशासाठी की साफ केलेल्या पॉकेटात जंतूंची वस्ती साधारण तेवढ्या काळात परत बसते. घरी दोन दातांमधला छोटा ब्रश वापरा, तुमच्या फटींच्या मापाचा. या आजारात तो फ्लॉसपेक्षा कामाचा.

भाऊ ३१ चा. ग्रेड सी वाल्यांच्या सख्ख्या भावंडांना मी न विचारता बोलावते. ओढून न्या.

भाच्याच्या वेळी डॉक्टरांना सांगा की पहिल्या कायमच्या दाढा आणि पुढचे दात यांच्याभोवती सळई लावा. किशोरवयातला जोरदार आजार बहुतेकदा तिथूनच सुरू होतो. हिरडी वरून गुलाबी आणि चांगली दिसते, कीटणही फार नसतं, म्हणून आरशात पाहून काही कळत नाही. दाढांचे दोन्ही बाजूंचे बाइटविंग (वरच्या-खालच्या दाढा एकत्र दाखवणारे) एक्स-रे सहसा पुरतात. ब्रेसेस लावायचं घाटत असेल तर त्याआधी तपासा, नंतर नाही.

सांजपर्णी

ब्रेसेसचं घाटतंयच! ताईला आत्ताच फोन करते.